माळ वर, मुठा खाली

पुण्यात कुणी तुम्हाला म्हणालं, "या की हिंगण्याला," तर आधी विचारून घ्या, कुठल्या? कारण हिंगणी दोन आहेत. एक हिंगणे बुद्रुक, म्हणजे थोरलं, आणि एक हिंगणे खुर्द, म्हणजे धाकटं. दोन्ही मुठा नदीच्या काठावर, पण एकमेकांच्या समोर. अशा जोड्या महाराष्ट्रात जागोजागी आहेत. पुण्यातच बघा ना, आंबेगाव बुद्रुक आणि आंबेगाव खुर्द, वडगाव बुद्रुक आणि वडगाव खुर्द.

आज थोरल्या हिंगण्याला सगळे कर्वेनगर म्हणतात. रिक्षावाल्याला "हिंगणे बुद्रुक" सांगाल तर तो तुमच्याकडे बघतच राहील. धाकट्या हिंगण्याच्या बाजूला सिंहगड रस्त्यावरची विठ्ठलवाडी आहे. दोघांच्या मधून मुठा वाहते आणि तिच्यावर राजाराम पूल आहे. या पुलावर उभे राहा (फुटपाथवर बरं का!) आणि तोंड करा पाणी जिकडे जातंय तिकडे. तुमच्या डाव्या हाताला कर्वेनगर, उजव्या हाताला विठ्ठलवाडी. नदीचा डावा काठ आणि उजवा काठ असाच ठरतो, पाण्याबरोबर पुढे बघून. जगातल्या कुठल्याही नदीला हाच नियम, त्यामुळे नकाशा उलटा धरला तरी भांडण होत नाही.

आता डावीकडे नीट बघा. आधी नदीकाठची झाडी, मग सोसायट्या, मग आणखी सोसायट्या, पाण्याच्या टाक्या, आणि सगळ्यांच्या मागे, वायव्येला, वेताळ टेकडीची सपाट पाठ. नदीपासून टेकडीकडे चालत निघालात तर सारखा थोडा थोडा चढ लागतो. सायकलवाल्यांना हे चांगलंच माहीत असतं! या लेखात आपण त्या चढाचीच गोष्ट बघणार आहोत. तो चढ कुठून आला, त्यावर आधी कोण राहिलं, आणि जिथे काही पिकत नव्हतं तिथेच इतकी घरं कशी झाली.

आधी बरंच मागे जाऊ या. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षं मागे.

तेव्हा इथे ना मुठा होती, ना टेकडी. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हा बाहेर येऊन पसरला. चित्रात असतो तसा शंकूसारखा डोंगर आणि त्याच्या तोंडातून धूर, असं नव्हतं. लाव्हा पातळ होता, म्हणून तो लांबवर पसरत गेला. थंड झाला, दगड झाला. मग त्यावर दुसरा थर, मग तिसरा. असं लाखो वर्षं चाललं. या काळ्या दगडाला शास्त्रज्ञ बेसॉल्ट म्हणतात, आपण नुसतं 'काळा दगड' म्हणतो आणि त्याचे पाटे-वरवंटे करतो. हा थर किती जाड असेल? कोयनेच्या परिसरात भूकंपाचा अभ्यास करायला शास्त्रज्ञांनी खोल भोकं पाडली, तेव्हा एका ठिकाणी सुमारे ९३० मीटर खाली गेल्यावर काळा दगड संपला आणि त्याच्या खालचा, कितीतरी जुना ग्रॅनाइटसारखा खडक लागला. जवळजवळ एक किलोमीटर नुसता लाव्हाचा दगड!

लाव्हात वायू असतो. दगड घट्ट होताना त्याचे बुडबुडे आतच अडकतात आणि आंबोळीला जाळी पडते तशी दगडाला जाळी पडते. पुढे त्या छिद्रांत पाणी झिरपतं, पाण्यातले क्षार तिथे जमतात आणि पांढरे, गुलाबी, हिरवट स्फटिक तयार होतात. पुण्याच्या दुसऱ्या टोकाला वाघोलीच्या खाणींमध्ये कॅव्हन्साइट नावाचा निळाशार स्फटिक सापडतो. जगभरच्या संग्रहालयांमध्ये तो मोठ्या दिमाखात बसलेला असतो. तुम्हाला एवढ्या लांब जायला नको. बांधकामावर खडीचा ढीग दिसला तर परवानगी घेऊन दोन-चार खडे उचलून बघा. पांढरे ठिपके असलेला एखादा खडा मिळण्याची शक्यता बरीच आहे.

आता गंमत ऐका. वेताळ टेकडी ही पुणे शहरातली सगळ्यांत उंच जागा, समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर. खाली नदीकाठचं पुणे साधारण ५५० ते ५६० मीटरवर. मुलांना (आणि मोठ्यांनाही) वाटतं की टेकडी म्हणजे जमिनीला आलेला फुगवटा, खालून काहीतरी वर ढकललं गेलं असणार. पण झालं आहे उलट. टेकडी वर आली नाही, दरी खाली गेली! एके काळी टेकडीच्या माथ्याच्या उंचीपर्यंत सगळीकडे दगडच होता. पावसाने, ओढ्यांनी आणि नद्यांनी तो लाखो वर्षं खरवडून नेला. जिथे दगड जास्त चिवट होता तिथे टेकडी उरली. म्हणून तर पुण्याच्या आसपासच्या टेकड्यांचे माथे इतके सपाट दिसतात. राजाराम पुलावर तुमच्या डोक्याच्या वर जी मोकळी हवा आहे ना, तिथे जवळजवळ अडीचशे मीटर उंचीपर्यंत पूर्वी काळा दगड होता. तो गेला कुठे? त्याचं पीठ झालं आणि ते नदीबरोबर वाहून गेलं.

आणि ही नदी जाते कुठे, तेही विचित्रच आहे. पुण्यापासून अरबी समुद्र सरळ रेषेत शंभरेक किलोमीटरवर, पश्चिमेला. मुठा मात्र समुद्राकडे पाठ करून पूर्वेला निघते. सह्याद्रीची रचनाच तशी आहे, पश्चिमेला एकदम कडा आणि पूर्वेला हळूहळू उतरत जाणारं पठार. मुठा उगम पावते कड्याच्या वर, पठाराच्या बाजूला. मग बिचारीला पर्याय नाही. पुण्यात संगमावर ती मुळेला मिळते, मुळा-मुठा पुढे रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते, भीमा रायचूरच्या बाजूला कृष्णेला, आणि कृष्णा आंध्र प्रदेशात बंगालच्या उपसागराला. शंभर किलोमीटरचं काम करायला हजार किलोमीटरहून जास्त चाल! वाटेत उजनी धरण लागतं आणि त्याच्या पुढे पंढरपूर. म्हणजे विठ्ठलवाडीच्या विठ्ठलाजवळून निघालेलं पाणी पंढरपूरच्या विठ्ठलाच्या दिशेने जातं. पाण्याची वारीच म्हणा.

पावसाचंही तसंच. ढग पश्चिमेकडून येतात, सह्याद्रीवर चढताना थंड होतात आणि तिथेच बरसतात. मुठेच्या उगमाजवळ टेमघरच्या बाजूला वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. तिथून पुण्यात येईपर्यंत ढगांकडे फारसं काही उरत नाही, वर्षाला सातशे-साडेसातशे मिलिमीटर. म्हणून पुण्यातल्या नदीचा एक स्वभाव लक्षात ठेवा. पुण्यात नुसती रिमझिम असते, कधीकधी ऊनही असतं, आणि नदी मात्र दुथडी भरून वाहत असते. तो पाऊस तुमच्या अंगणात पडलेलाच नसतो.

बरं, दगडाचं पीठ झालं असं मी म्हटलं. त्या पिठाचे प्रकार असतात, आणि आपल्या गोष्टीचं खरं गुपित तिथेच आहे. एक प्रयोग करा. पारदर्शक बाटली घ्या, तिच्यात पाव भाग अंगणातली माती घाला, वर पाणी भरा, झाकण घट्ट लावा आणि दणकून हलवा. मग बाटली टेबलावर ठेवा आणि हात लावू नका. (अवघड भाग हाच.) खडे लगेच तळाशी बसतील. त्यांच्यावर काही सेकंदांत वाळू बसेल. पोयटा तासाभरात बसेल, आणि सगळ्यांत बारीक चिकणमाती दुसऱ्या दिवशीपर्यंत पाणी गढूळ करत राहील. जड कण आधी बसतात आणि हलके लांबवर जातात, एवढी साधी गोष्ट.

टेकडी ते नदी या उतारावर निसर्ग हाच प्रयोग करत बसलेला असतो. वरच्या बाजूला दगड झिजून मुरूम होतो, म्हणजे लालसर-तपकिरी, खडबडीत, हाताने चुरडता येईल असा अर्धवट दगड. बारीक माती पावसाबरोबर खाली निघून जाते. ती साठते नदीच्या बाजूला, आणि तिथे तयार होते काळी, सुपीक, ओल धरून ठेवणारी जमीन. मधला जो उतार, जिथे माती वीतभर आणि खाली मुरूम, त्याला आपले शेतकरी 'माळ' म्हणतात. माळावर पावसाळ्यात गवत येतं, उन्हाळ्यात तेही वाळून जातं. चार बोरी-बाभळी आणि गुरं. नांगर घातला तर फाळ खडखडतो.

जुन्या गावाची वाटणीही यावरूनच ठरायची. शेताची जमीन ती 'काळी' आणि घरांची जागा ती 'पांढरी'. काळ्या मातीत घर बांधायला कुणी धजत नसे, आणि त्यामागे पक्कं कारण आहे. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात वाळली की आक्रसते. तिला पडलेल्या भेगांत तुमचा हात सहज जाईल. अशा मातीवर भिंत उभी केली तर दरवर्षी जमीन तिला वर-खाली करणार आणि भिंतीला तडे जाणार. आजही काळ्या जमिनीत इमारत बांधायची तर ती माती काढून खाली मुरूम किंवा खडक लागेपर्यंत पाया नेतात. मुरूम मात्र फुगत नाही, आक्रसत नाही. म्हणजे ज्वारीसाठी जो माळ वाईट, तोच घरासाठी उत्तम! हे वाक्य डोक्यात ठेवा, ते आपल्याला लवकरच लागणार आहे.

माणसं या नदीकाठी फार पूर्वीपासून आहेत. कर्वेनगरहून नदीच्या खालच्या अंगाला, पलीकडच्या काठावर दत्तवाडी आहे. तिथे मुठेने जमवलेल्या जुन्या गाळात आणि गोट्यांच्या थरांत दगडी हत्यारं सापडली आहेत, अश्मयुगातल्या माणसांनी हाताने घडवलेली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातल्या पुरातत्त्वज्ञांनी या थरांचा अभ्यास केला. नदीकाठी पाणी होतं, हत्यारांना लागणारे गोटे होते, पाण्यावर येणारी जनावरं होती. आणखी काय हवं?

त्यानंतरची हजारो वर्षं आपण एका उडीत पार करू, कारण थोरलं आणि धाकटं हिंगणे ही पुण्याबाहेरची साधी शेतीची गावं होती. थांबायचं आहे ते १९०० साली.

त्याच्या चार वर्षं आधी, १८९६ मध्ये, मुंबईत प्लेग आला आणि मग पुण्यात. हा रोग होतो एका जिवाणूमुळे. अलेक्झांडर यर्सिन यांनी तो १८९४ मध्ये हाँगकाँगला शोधून काढला होता. पण तो एका माणसाकडून दुसऱ्याकडे पोचतो कसा? १८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी कराचीत प्रयोग करून दाखवलं की उंदराच्या अंगावरची पिसू हा रोग पसरवते. बऱ्याच डॉक्टरांना तेव्हा ते पटलं नाही. लोकांना मात्र अनुभवाने एक कळलं होतं. घरात उंदीर पटापट मरून पडू लागले की गाव सोडायचं आणि बाहेर मोकळ्यावर झोपड्या बांधून राहायचं. पेठांमध्ये वाड्याला वाडा चिकटलेला, धान्याच्या कणग्या, अंधाऱ्या खोल्या, म्हणजे उंदरांची चंगळ. उघड्या माळावर उंदराने खायचं काय आणि लपायचं कुठे?

त्या वेळी पुण्यात फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवणारे एक प्राध्यापक होते, धोंडो केशव कर्वे. कोकणातल्या मुरूडचे. (हो, मुरुमाशी काही संबंध नाही!) १८९६ मध्ये त्यांनी विधवा स्त्रियांसाठी आश्रम सुरू केला होता. त्या काळी मुलींची लग्नं आठ-दहा वर्षांच्या वयात व्हायची. नवरा वारला की त्या मुलीचे केस कापायचे, तिला एका खोलीत बसवायचं, शाळा नाही, खेळ नाही, चांगलंचुंगलं खाणं नाही. तुमच्या वर्गातल्या मुलीएवढी मुलगी, बरं का. कर्व्यांचं म्हणणं साधं होतं, त्यांना शिकवा म्हणजे त्या स्वतःच्या पायावर उभ्या राहतील. स्वतः त्यांनी १८९३ मध्ये गोदूबाई या विधवेशी लग्न केलं होतं. लोक भयंकर चिडले. मुरूडला त्यांच्यावर बहिष्कार पडला.

म्हणजे अडचणी दोन. शहरात प्लेग आणि शहरात टोमणे. दोन्हींपासून लांब अशी जागा हवी होती, आणि पैसे तर नव्हतेच. तेव्हा रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी हिंगण्यातली आपली ६ एकर जमीन दिली आणि झोपडी बांधायला ७५० रुपये दिले. पुण्यात आजही लोक म्हणतात, "कर्व्यांनी हिंगण्याच्या माळावर आश्रम काढला." माळावर! मघाचं वाक्य आठवलं ना? पिकाला नको असलेली, पण घराला चांगली, उंदरांना न आवडणारी आणि गावाच्या नजरेपासून दूर अशी जागा. १९०० मध्ये तिथे झोपडी उभी राहिली.

मला या गोष्टीत सगळ्यांत आवडतं ते कर्व्यांचं चालणं. नोकरी पुण्यात, आश्रम हिंगण्यात, मध्ये पाच-सहा किलोमीटर. कॉलेजचे तास संपले की हा माणूस संध्याकाळी पायी निघायचा, पुष्कळदा आश्रमाला लागणारं सामान अंगावर घेऊन. हिंगण्याला पोचायचं, तिथल्या बायकांना शिकवायचं, मुक्काम करायचा आणि सकाळी परत चालत पुण्याला. धड रस्ता नव्हता, आणि पावसाळ्यातली काळी माती कशी असते ते मघाशी पाहिलंच. एकेक पाऊल उचलताना चपलेला शेरभर चिखल. आज त्याच दिशेने जाणाऱ्या रस्त्याला कर्वे रस्ता म्हणतात आणि त्यावर संध्याकाळी वाहनं इतकी तुंबतात की कर्वे चालत आपल्या आधी पोचले असते, असं मला नेहमी वाटतं.

आश्रमाचा रोजचा गाडा ओढला तो पार्वतीबाई आठवल्यांनी. त्या गोदूबाईंची बहीण, स्वतः विधवा. त्या काळच्या पुष्कळ बायकांसारखं त्यांनाही तरुणपणापर्यंत फारसं लिहिता-वाचता येत नव्हतं. पार्वतीबाई मोठेपणी शिकल्या, आश्रम सांभाळू लागल्या आणि पुढे संस्थेसाठी निधी जमवायला थेट अमेरिकेला जाऊन आल्या. हिंगण्याच्या माळावरून अमेरिका! आणि १९१६ मध्ये कर्व्यांनी भारतातलं पहिलं महिला विद्यापीठ सुरू केलं, तेही इथेच. पहिल्या वर्षी विद्यार्थिनी किती? बोटांवर मोजण्याइतक्या. तेच आजचं श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठ. मूळ झोपडी स्मारक म्हणून संस्थेने जपली आहे. तिच्या भोवती आता शाळा, वसतिगृहं आणि मुलींचं इंजिनिअरिंग कॉलेज आहे. कर्व्यांना १९५८ मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी, भारतरत्न मिळालं. आणि थोरल्या हिंगण्याचं झालं कर्वेनगर.

आता पुन्हा नदीकडे. कर्वेनगरहून नदीने वर वर गेलं की वारजे, मग शिवणे, आणि मग खडकवासला धरण. हे धरण एकोणिसाव्या शतकात इंग्रजांच्या काळात बांधलं, पुण्याच्या आणि लष्कराच्या पाण्यासाठी आणि शेतीसाठी. १९०३ मध्ये मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी तिथे पाणी वाढलं की आपोआप उघडणारे दरवाजे बसवले. माणूस नको, बटण नको, पाण्याच्याच जोरावर चालणारे! या धरणातून दोन कालवे काढले होते. उजवा अजून वाहतो. डावा कर्वेनगरवरून जायचा, तो आता बंद आहे आणि त्याच्या जागी कर्वेनगरात कॅनॉल रस्ता आहे. त्या रस्त्यावर सायकल चालवून बघा. आजूबाजूचे रस्ते चढ-उताराचे, आणि हा मात्र वळणं घेत घेत जवळजवळ सपाट जातो. कालव्याला उतार अगदी किंचित द्यायचा असतो, नाहीतर पाणी धावत सुटेल आणि काठ फोडेल. म्हणून इंजिनिअर टेकडीच्या कडेकडेने, एकाच उंचीची रेषा धरून कालवा खणतात. पाणी गेलं, रेषा राहिली.

खडकवासल्याच्या वर पुढे आणखी धरणं झाली, आंबी नदीवर पानशेत, मोसे नदीवर वरसगाव, खुद्द मुठेवर टेमघर. त्यांतलं पानशेत १९६१ मध्ये अजून पुरं व्हायचं होतं. मातीचं धरण, धो धो पाऊस आणि भिंत खचायला लागलेली. लष्कराच्या जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचून ती शक्य तितका वेळ तगवली. १२ जुलैला सकाळी पानशेत फुटलं. ते पाणी खडकवासल्यावर आदळलं आणि ती जुनी दगडी भिंतही फुटली. पुण्यातल्या नदीकाठच्या पेठा पाण्यात बुडाल्या, हजारो घरं पडली. जवानांच्या पोत्यांमुळे पूर रात्रीऐवजी दिवसा आला, म्हणून असंख्य लोकांना पळायला वेळ मिळाला. महर्षी कर्वे तेव्हा हयात होते, १०३ वर्षांचे. त्यांनी निवडलेला माळ नदीपासून दूर आणि उंचावर होता.

पुरानंतर घरं गमावलेल्यांसाठी गोखलेनगर, सहकारनगर अशा वसाहती झाल्या आणि पुणे पेठांबाहेर पसरू लागलं. हळूहळू हिंगण्याच्या माळावरही प्लॉट पडले. हिंगणे होम कॉलनीसारख्या वसाहती, बंगले, मग गुंठ्या-गुंठ्याने विकलेल्या जमिनी, मग इमारती. माळ भरला. आणि मग घरं उताराने खाली, नदीकडे सरकू लागली. तिथे काळी होती, आणि तिथेच नदीची पसरायची जागाही होती.

पावसाळ्यात बातम्यांत ऐकता ना, "खडकवासल्यातून इतके हजार क्युसेक विसर्ग"? एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी, साधारण २८.३ लिटर. २०२४ च्या जुलैत विसर्ग ३५ हजार क्युसेकच्या वर गेला आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत घरांमध्ये पाणी शिरलं. करा गुणाकार. सेकंदाला जवळजवळ १० लाख लिटर! सोसायटीत पाण्याचा टँकर येतो तो १० हजार लिटरचा. म्हणजे राजाराम पुलाखालून दर सेकंदाला ९९ टँकर. "एक" म्हणेपर्यंत ९९.

म्हणून नदीकाठच्या नकाशांवर दोन रेषा काढतात. निळी पूररेषा, म्हणजे २५ वर्षांतून एकदा येऊ शकेल एवढ्या पुराची. आणि लाल, १०० वर्षांतून एकदा येऊ शकेल अशा मोठ्या पुराची. इथे मोठी माणसंसुद्धा फसतात. "२५ वर्षांतून एकदा ना? मग आत्ता येऊन गेला, आता २४ वर्षं चिंता नाही!" नदी कॅलेंडर बघत नाही हो. त्याचा खरा अर्थ, दर वर्षी तेवढा पूर येण्याची शक्यता शंभरात ४. मग निळ्या रेषेवर घर असेल, तर २५ वर्षांत एकदा तरी पाणी दारात येण्याची शक्यता किती? पूर न येण्याची शक्यता वर्षाला ०.९६. ती २५ वेळा एकमेकींनी गुणा, साधारण ०.३६ येते. म्हणजे पूर येण्याची शक्यता शंभरात ६४. नाणं उडवण्यापेक्षा जास्त! आता आजोबांचा कॅल्क्युलेटर घ्या आणि हाच हिशेब ५० वर्षांसाठी करा. शंभरात ८७ च्या आसपास आलं पाहिजे, आणि तुमच्या घरापासून नदी जवळ असेल तर नकाशातली निळी रेषा घराच्या कुठल्या बाजूने जाते तेही बघून ठेवा.